इंदिरा, एक वाजता, चार जण

२८ एप्रिल
गंगापूर रोड, नाशिक

चि. तेजश्री,

माझा फोन तू उचलत नाहीस. बरं, नको उचलूस. कागद काही वाजत नाही, तेव्हा हा तरी घे.

इकडे सगळं ठीक. ऊन असं की सकाळी अकरालाच रामकुंडाच्या पायऱ्यांवर अनवाणी उभं राहवत नाही, त्यात सिंहस्थाची खोदकामं. माझी स्कूटर तीन ठिकाणी अडवतात. विश्वेश म्हणतो, बाबा, आता श्राद्धं सांगणं बास करा, घरी बसा. घरी बसून मी काय करू? तुझ्या आईच्या डब्यांवर नावं लिहू?

कामाचं लिहितो. अठरा मेला तुझ्या आईला एकसष्ट पूर्ण होतील. तिला बाहेर जेवायला न्यायचं माझ्या मनात आहे. तर प्रश्न असा, की उन्हाळ्याच्या सुट्टीत, गर्दीच्या दिवसांत हॉटेलात टेबल आधी सांगून ठेवावं की नाही? हसू नकोस. खरंच विचारतोय.

माझं मत तुला पाठ आहे. आपल्याकडे चांदवडहून, सटाण्याहून यजमान यायचे, ते दारात उभे राहिल्यावर कळायचं किती जण ते. तुझ्या आईने एकालाही कधी विचारलं नाही की आधी का नाही कळवलं. भूक लागली की जेवावं, जागा असेल तिथे बसावं. आठ दिवसांनी किती वाजता भूक लागणार हे आज कुणाला सांगता येतं? आणि बाहेर लोक तिष्ठत उभे, आत टेबलं रिकामी, त्यांच्यावर नावाच्या पाट्या! ही कुठली रीत गं?

तू दहावीत होतीस तेव्हा मला म्हणाली होतीस, "बाबा, श्राद्धाच्या ब्राह्मणांना तुम्ही आदल्या दिवशी आवतण देता, ते बुकिंगच की!" मी तुझ्यावर खेकसलो होतो. ते अजून आठवतं.

तर आता तूच कळव. किती दिवस आधी सांगायचं? नाव कुणाचं द्यायचं? उशीर झाला तर ते थांबतात का? तुला यातलं कळतं. मागच्या वर्षीचं मात्र काही काढत बसू नकोस. झालं ते झालं.

बाबा


४ मे

चि. तेजश्री,

पत्र पोचलंय. कुरिअरवाल्याने मोबाईलवर तुझी सही दाखवली. 'ते'ची ती लांब शेपटी मी कुठेही ओळखीन. उत्तर नाही ते नाहीच.

काल संध्याकाळी तुझ्या आईने तुला फोन केला तेव्हा मी शेजारच्या खोलीत होतो. तिला हल्ली कमी ऐकू येतं, फोन मोठ्या आवाजावर असतो, तेव्हा चोरून ऐकलं असं म्हणू नकोस. ती म्हणाली, "तेजू, महिनाभर पुण्याला येते तुझ्याकडे, मला तुझ्या हातची खिचडी खायचीय." आणि तू म्हणालीस, "नको आई. तुझी जबाबदारी मी घेऊ शकत नाही. माझ्या हातून चुकतं. पुन्हा काही झालं तर?"

फोन ठेवून तुझ्या आईने कपाटातली हिरवी साडी बाहेर काढली, पुन्हा घडी घातली, पुन्हा ठेवली. तिने ती बॅगेसाठी काढून ठेवली होती हे मला तेव्हा कळलं.

अगं, असं काय बोलतेस? चूक कुणाकडून होत नाही? साठीचा वाढदिवस म्हणून आपण चौघं सापुताऱ्याला निघालो. तू फोन करून टेबल सांगितलंस, एक वाजताचं. साडेबाराला गाडी लावली, तुझ्या आईने गाडीतच इन्सुलिनची सुई घेतली. डॉक्टरांनी सांगितलंय, सुई घेतल्यावर अर्ध्या तासात जेवण. तिने घड्याळ बघूनच घेतली, बिचारीने. आत गेलो तर यादीत नाव नाही. दारात ही गर्दी! मॅनेजर म्हणाला, दीड तास तरी लागेल. आता तो माणूस दिवसाला पाचशे जणांना जेवायला घालतो, त्याच्याकडून एखादं नाव राहिलं असेल. किंवा तू बोलताना तारीख इकडची तिकडे झाली असेल. होतं असं.

तुझी आई बाकावर बसल्या बसल्या घामाने निथळली आणि मला "दादा" म्हणायला लागली तेव्हा मला वाटलं, ऊन लागलं. ती लंकाबाई आठवते ना? चांदवडची, कांद्यावाल्यांच्या घरातली, आपल्यासारखीच ताटकळत होती. तीच धावली. "आवं, तोंडात गूळ घाला बाईच्या! साखर उतरली हाय तिची. माझ्या जावेला असंच व्हतं. भटजी, सरका बाजूला, बघत काय उभे ऱ्हायलात!" पिशवीतून गुळाचा खडा काढून तिने तुझ्या आईच्या गालात चोळला. पिशवीत भाकरी पण होती तिच्या. म्हणाली, "आमी नाय बा हाटेलावर इसंबून ऱ्हात." मग दवाखाना, सलाईन, आणि संध्याकाळी तुझी आई शुद्धीवर येऊन म्हणाली, "माझं जेवायचं राहिलं."

वाचली ना ती? मग? तू स्वतःला कुठवर बोल लावून घेणार? आईला बोलाव. एवढं माझं ऐक.

बाबा


९ मे

तेजू,

मागचं पत्र फाडून टाक. त्यात खोटं लिहिलंय.

मॅनेजरने नाव गाळलं नव्हतं. तू तारीखही चुकवली नव्हतीस. तू सगळं बरोबर केलं होतंस. टेबल मी रद्द केलं.

चार दिवस हे लिहायला बसतोय. आज सकाळी एका यजमानाकडे संकल्प सांगताना दोनदा चुकलो, त्याचा मुलगा पाणी घेऊन आला. म्हटलं आता पुरे.

घाटात तुझ्या फोनला रेंज नसते म्हणून तू हॉटेलवाल्याला माझा नंबर दिला होतास. त्या दिवशी सकाळी तू न्हायला गेली होतीस तेव्हा त्याचा फोन आला. भला माणूस होता. म्हणाला, "इंदिराबाईंच्या नावाने एक वाजता चार जण, बरोबर ना? टेबल मांडून ठेवतो काका. ताटं, वाट्या, पाणी, वर नावाची पाटी. तुम्ही नुसतं येऊन बसायचं."

माझ्या अंगावर काटा आला गं. तुला हसू येईल, नाहीतर किळस. पण मी चाळीस वर्षं काय केलं? जो नाही त्याच्या नावाने पान मांडलं. नाव उच्चारायचं, पान वाढायचं, आणि समोर कुणी बसलेलं नसतं. माणूस जिवंत असताना त्याचं नाव घालून पान मांडलेलं मी कधी पाहिलं नाही. तुझ्या आईच्या साठीला, तिचं नाव लिहिलेलं रिकामं ताट एक वाजेपर्यंत तिची वाट बघत बसणार, हे मला डोळ्यांसमोर दिसलं. मी म्हणालो, "नको. रद्द करा." तो म्हणाला, "गर्दी आहे काका, मग जागेचं सांगता यायचं नाही." मी फोन ठेवून दिला.

एवढंच असतं तरी मी तुला तेव्हाच सांगितलं असतं. भीती सांगता येते. पण दुसरंही होतं. मला वाटलं, तिथे गेल्यावर सहज जागा मिळेल आणि मी म्हणेन, बघ, काय गरज होती? मला तुझ्यावर कुरघोडी करायची होती. सदतीस वर्षांच्या पोरीवर, या वयात.

आत गेल्यावर तू मॅनेजरशी भांडत होतीस, "अहो, मी स्वतः फोन केलाय, आईने सुई घेतलीय!" ते मी ऐकलं. मी तुझ्या मागे दोन हातांवर उभा होतो. तेव्हा बोललो असतो तर आपण कुठूनही, कुणाच्या ताटातूनही तिला दोन घास दिले असते. मी विचार केला, आत्ता बोललो तर चारचौघांत शोभा होईल, होईल काहीतरी व्यवस्था. वर तुझी आई पिशवीतली चिवड्याची पुडी उघडत होती तर मी म्हणालो, "आता बसायचंच आहे, कशाला पोट भरतेस?" हे तुला माहीत नाही. तिलाही आठवत नाही.

मग दवाखान्यात विश्वेश तुझ्यावर ओरडला, "एक फोन धड करता येत नाही तुला? आईला मारलं असतंस!" तू मान खाली घालून उभी होतीस. आणि मी पाणी आणायला गेलो. पाण्याची बाटली माझ्या हातातच होती, तेजू.

वर्षभर तू घरी आली नाहीस आणि मी लोकांना सांगत राहिलो, मुलीला सुट्टी मिळत नाही.

तू मला काय हवं ते म्हण. फक्त तुझ्या हातून चुकतं असं म्हणू नकोस. तुझ्या हातून काही चुकलेलं नाही.

बाबा


१२ मे
पुणे

बाबा,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, मग ऑफिसात रजा टाकली.

वर्षभर मी तो फोन मनात ऐकतेय. अठरा म्हणाले होते की एकोणीस? एक म्हणाले की दोन? मला माझाच आवाज आठवेनासा झालाय. साधी मीटिंग ठरवायची तरी तीनदा तपासते, लोक माझी थट्टा करतात. गॅस बंद केलाय का बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येते. आईचा फोन आला की आधी भीती वाटते. हे सगळं तुम्हाला एका वाक्यात थांबवता आलं असतं.

हे तुम्ही आईला आणि दादाला सांगा. तुमच्या तोंडाने. मी सांगणार नाही आणि पत्रही दाखवणार नाही.

सांगितलंत तर अठराला मी येईन. आईसाठी. टेबल तुम्ही बुक करा, गंगापूर रोडवरच कुठेतरी. आईच्या नावाने, एक वाजता, तीन जण. आई, दादा आणि मी.

तेजश्री

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: उन्हाळ्यात चार दिवस आधी फोन करायचा आणि त्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा. पंधरा मिनिटं थांबतात, जास्त नाही.


१५ मे

तेजू,

सांगितलं.

विश्वेशला आधी सांगितलं, कारण तिला सांगायचा धीर नव्हता. तो ऐकून घेऊन उठला, चपला घातल्या आणि खाली गेला. तासाभराने आला. म्हणाला, "मी तिला काय काय बोललो, बाबा." बस्स. त्यानंतर माझ्याशी शब्द नाही. जेवायला मी बसलो की तो उठतो.

तुझी आई गवार निवडत होती. मी समोर पाटावर बसलो आणि सगळं सांगितलं, चिवड्यासकट. ती निवडत राहिली. मला वाटलं, ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने सांगायला लागलो, तर म्हणाली, "ऐकलं मी. ओरडू नका." शेंगा संपल्या तेव्हा वर बघून म्हणाली, "अहो, पाटीवर नाव होतं म्हणून मी मेले नसते. पाटी काढायला लावलीत म्हणून मरत होते." मग म्हणाली, "माझं जाऊ द्या. मला गूळ तरी मिळाला. पोरीला वर्षभर काय दिलंत तुम्ही?"

एकेचाळीस वर्षांत ती माझ्यावर कधी रागावली नाही असं नाही. पण रागावली की बोलते, भांडी आपटते. या वेळी तसलं काही नाही. मला वाढते, आणि स्वतःचं ताट घेऊन गॅलरीत जाते. वर्षभर तिचा नेम आहे, ताट पुढ्यात आल्याशिवाय सुई घ्यायची नाही, मग साखर वर जावो की खाली. डॉक्टर रागावले तरी ऐकत नाही. "कुणाचा भरवसा नाही बाई," असं हसत म्हणायची. ते हसून का म्हणायची कोण जाणे. आता नुसतं ताट पुढ्यात ओढते आणि सुई काढते.

काल टेबल सांगितलं. तीनदा फोन लावला आणि तीनदा ठेवला. चौथ्यांदा पलीकडच्या बाईने विचारलं, "नाव?" मी म्हणालो, "इंदिरा." "किती जण?" जिभेवर चार आलं. आलंच नाही तर बाहेरही पडलं. मग म्हटलं, "नाही, चुकलो. तीन." ती म्हणाली, "नक्की तीन ना काका? मी लिहून घेतेय." म्हटलं, "नक्की तीन." म्हणाली, "टेबल मांडून ठेवू, वर नावाची पाटी असेल." म्हटलं, "हो. ठेवा. पाटी ठेवाच."

अठराला सकाळी पुन्हा फोन करीन. पंधरा मिनिटांचं तिने पण सांगितलं. तू वेळेवर नीघ, सिन्नरच्या अलीकडे फार गर्दी असते.

बाबा


१८ मे
हॉटेलाच्या दारातला बाक
दुपारी पाऊण

तेजू,

हे पत्र टाकायचं नाहीये, हातातच द्यायचं आहे. तू घेशील की नाही माहीत नाही. पण रिकाम्या हातांनी बसलो तर सारखं घड्याळच बघतो, म्हणून लिहितोय.

मी आत येणार नाही. तीन म्हणजे तीन. पण घरी बसवेना. ते दोघं गाडीने येणार होते, मी आधीच स्कूटरवर आलो. सकाळी फोन केला होता, आठला एकदा आणि दहाला एकदा. दुसऱ्या वेळी ती बाई हसली.

बाहेर ही गर्दी! माझ्या शेजारी ओझरचे एक गृहस्थ आहेत, कारखान्यातून निवृत्त झालेले. कुटुंब पाऊण तास उभं आहे. मघाशी काचेतून आत बोट दाखवून म्हणाले, "बघा भटजी, ते टेबल रिकामं ठेवलंय. लोक इथे उन्हात वाळतायत." ते तुमचंच टेबल होतं. एरवी मी त्यांच्यापेक्षा मोठ्याने बोललो असतो. म्हणालो, "येणारे असतील हो त्यांचे." त्यांनी मला विचारलं, "तुमचं नाव दिलंय का यादीत?" म्हटलं, नाही. मला येडा समजून ते पुन्हा काचेकडे वळले.

इथून पाटी दिसते. काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत 'इंदिरा'. तीन ताटं, वाट्या, पेले. वीस मिनिटं ती खुर्ची रिकामी होती, तेव्हा मी तिकडेच बघत होतो. मुद्दाम. मग तुझी आई आली आणि त्याच खुर्चीत बसली, पाटी हातात घेऊन वाचली, पदराने पुसली, आणि पुन्हा जागेवर ठेवली. तीच ती हिरवी साडी नेसलीय, बॅगेसाठी काढलेली.

आत्ता विश्वेश बाहेर आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला. "तेजूचा फोन होता. द्वारका चौक सोडला, म्हणाली वीस मिनिटांत पोचते. आईने सुई घेतली."

मी ताडकन उठलो. "ताट वाढलं नसताना?"

"तेजू वीस मिनिटं म्हणाली ना," तो म्हणाला. "आई म्हणते, तेजू म्हणाली म्हणजे झालं."

तो आत गेला. मी घड्याळ काढून मांडीवर ठेवलंय. खिशात गुळाचा खडा आहे, वर्षभर असतोच, कागदाची पुडी दर आठवड्याला बदलतो. तो आत पाठवावा असं मनात आलं, मग नाही पाठवला. तिने तुझ्या शब्दावर सुई घेतलीय, मधे माझा गूळ कशाला?

बारा मिनिटं झाली. ती विश्वेशशी काहीतरी बोलतेय, हसतेय. घाम दिसत नाही.

सोळा.

आलीस. रिक्षातून उतरलीस तेव्हा मी उभा राहिलो की बसलो ते मला कळलं नाही. बारीक झालीस गं. तू मला पाहिलंस. माझ्या हातातला कागदही पाहिलास. थांबशील वाटलं, पण थांबली नाहीस. बरोबर केलंस. आईकडे आधी जायचं.

आता तुम्ही तिघं काचेपलीकडे आहात. विश्वेश उभा राहिलाय, तुझे दोन्ही हात धरून काहीतरी सांगतोय, आणि तू मान हलवतेयस. ताटं आली. तुझ्या आईने पहिला घास घेतला. मी बघितला तो घास. आता माझं काही राहिलं नाही, मी निघतो. हा कागद तुझ्या आईकडे देईन, किंवा नाही देणार.

तू मॅनेजरला जवळ बोलावलंयस. काय हवंय तुला? मीठ कमी आहे का?

तो बाहेर आलाय. हातात यादी आहे, ओझरचे गृहस्थ पुढे सरसावलेत. पण तो यादीत बघतच नाहीये. सगळ्यांकडे बघून विचारतोय, "तेजश्रीताईंचे वडील कोण आहेत इथे? चौथी खुर्ची लावलीय."